दोघींचा शिधा

रंकाळ्यावरून येणारी हवा बोचायला लागली की गगनबावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पुढं ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी, मागं डुलत येणाऱ्या दोन ट्रॉल्या, वळणावर घसरून पडलेला एखादा ऊस आणि तो उचलायला थांबलेला मोटरसायकलवाला. फुलेवाडी मागं पडली की गुऱ्हाळाचा वास येतो. हा वास नुसता गोड नाही. त्यात चिपाडाचा धूर असतो, आणि काहिलीच्या काठाला लागून करपत आलेल्या रसाचा जरासा कडवटपणाही असतो. या वासानं कुणाला काय आठवत असेल ते असो, मला मात्र शेंगदाणे तोलावेसे वाटतात.

मंगळवार पेठेत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात; त्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. तांब्याची तार वजनावर चालते, म्हणून दुकानात एक काटा आहे. गेल्या हिवाळ्यात त्या काट्यावर तारेपेक्षा शेंगदाणे, गूळ, नाचणीचं पीठ आणि भडंग जास्त तोललं गेलं. माझी बायको सुमन आणि तिची मैत्रीण नसीम, दोघी सह्याद्रीच्या कड्याकड्यानं आंबा घाटापासून आंबोलीपर्यंत चालत निघाल्या होत्या, आणि त्यांना वाटेत खायला पोहोचवायचं काम माझ्याकडं आलं होतं.

नसीम आमच्या मागच्या गल्लीत राहते. बायकांचे कपडे शिवते. सुमनचे ब्लाउज शिवता शिवता ओळख वाढली, मग दोघी सकाळी रंकाळ्याला फेरी मारायला लागल्या, मग रविवारचा जोतिबा, मग पन्हाळा. चालण्याची चटक लागली की ती सुटत नाही म्हणतात, ते मी घरातच बघितलं. दोघी पन्नाशीला टेकलेल्या. नसीमचा मुलगा नोकरीला लागलेला, आमची मुलगी पुण्यात. एक दिवस सुमननं जेवणाच्या ताटापाशी नकाशा पसरला आणि बोटानं एक रेघ दाखवली.

"पाठीवर चार-पाच दिवसांच्यावर खाणं न्हेता येत नाही," ती म्हणाली. "पण दर चार-पाच दिवसांनी आमची वाट कुठल्या ना कुठल्या घाटरस्त्याला मिळते. तिथं तुम्ही यायचं."

"आणि काय आणायचं?"

"जे संपलं असंल ते."

"काय संपलं हे मला दुकानात बसून कसं कळणार?"

"तेच तर तुमचं काम," असं म्हणून तिनं नकाशाची घडी घातली.

मला हा प्रश्न आवडला, हे खरं. मोटार किती पाणी उचलणार यावरून तार किती जाडीची भरायची ते ठरतं. हा हिशेब मी जन्मभर करत आलोय. पण एक माणूस दिवसभर डोंगर चढतो, तेव्हा त्याला काय लागतं? किती? आणि पोटाला जे लागतं आणि जिभेला जे हवं असतं, ते एकच असतं का? याचा विचार मी कधी केला नव्हता. करायची वेळ आली नव्हती.

पहिली खेप गगनबावड्याला होती. मी हौसेनं गेलो. पुरणपोळ्या घेतल्या, श्रीखंड घेतलं, काचेच्या बरणीत कांदा-लसणाची चटणी घेतली आणि वाटेत गुऱ्हाळावर थांबून बाटलीभर काकवी घेतली. बावड्यात पोचेपर्यंत काकवी बाटलीतून निम्मी पिशवीत आली होती. स्टँडजवळच्या खानावळीच्या बाकावर पिशवी पुसत बसलो होतो, तेवढ्यात समोरच्या उतारावरून दोघी आल्या.

सुमनला मी आधी ओळखलं नाही. तोंडं दोघींचीही रापलेली, ओठ फुटलेले. सुमनच्या चालण्यात एक वेगळाच सैलपणा आला होता. घरी ती अशी चालत नाही. तिनं माझ्याकडं बघून हात केला आणि सरळ खानावळीत शिरली. तिनं ताट मागवलं. भात संपला, परत भात घेतला. आमटी वाडग्यानं प्यायली. भाकरी संपल्यावर खानावळवाल्याकडं नुसतं बघितलं, त्यानं न विचारता आणखी दोन टाकल्या. मी समोर बसून बघत होतो. लग्नाला आमच्या इतकी वर्षं झाली, पण ही बाई एवढं जेवू शकते हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"घरी तू एवढं जेवत न्हाईस," मी म्हणालो.

"घरी करता करता चाखूनच पोट भरतं," ती म्हणाली. "इथं चाखायला काय आहे?"

नसीम हसता हसता खोकायला लागली. "दादा, वैनी रात्री झोपेत पण खायच्या गोष्टी बोलत्यात. काल म्हणत होत्या, फोडणी करपली."

मग दोघींनी माझी पिशवी उलटी केली. पुढचा अर्धा तास मी नुसता बघत राहिलो. श्रीखंड तिथंच बसून संपवलं, कारण ते टिकणार नाही. पुरणपोळ्यांतल्या चार ठेवल्या, बाकी खानावळवाल्याच्या पोरींना दिल्या. चटणी बरणीतून काढून पिशवीत भरली आणि काचेची बरणी माझ्या हातात परत दिली. बिस्किटांचे खोके फाडून नुसते पुडे घेतले. साबणाची नवी वडी चाकूनं अर्धी केली. नसीमनं माझ्या देखत दात घासायच्या ब्रशचा दांडा मोडून टाकला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दांडा कुठं दात घासतोय?" ती म्हणाली.

परत येताना माझ्याकडं जवळजवळ अर्धी पिशवी उरली होती. राग यायला हवा होता, पण आला नाही. डोक्यात फक्त हेच की काय घेतलं आणि काय टाकलं. शेंगदाण्याचे लाडू सगळे घेतले. चिवडा नको म्हणाल्या. जागा खातो आणि पोटाला काही लागत नाही. मुलीला पुण्याला फोन करून हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, वजन कमी आणि ताकद जास्त असं बघा." त्या दिवशी काट्यावरची तार उतरवली आणि शेंगदाणे चढवले. गिऱ्हाईक येऊन बघायचं आणि काही न बोलता जायचं. एकानं विचारलंच, "दुकान बदलतायसा काय?"

मधेच एकदा डोंगरावर कुठंतरी रेंज मिळाली आणि सुमनचा फोन आला. वाऱ्यात शब्द तुटत होते. "मीठ," ती म्हणाली. "आणि आंबट कायतरी. गोड नको." नसीमचा आवाज मागून आला, "दाभण आणि जाड दोरा." एवढ्यात फोन कटला. मी विचार करत बसलो. चार दिवसांपूर्वी या बाईनं श्रीखंडाचा डबा बोटांनी निपटून खाल्ला होता, आणि आता तिला मीठ हवं होतं. घामातून मीठ जातं हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण बायकोच्या तोंडून नुसता 'मीठ' हा शब्द ऐकला आणि ती कुठं, किती उन्हात आहे हे मला समोर दिसलं. चिंच घेतली, आवळा सुपारी घेतली, लिंबाचं जुनं लोणचं घेतलं. नसीमच्या घरून तिचं दाभण आणि जाड दोरा घेतला.

दुसरी भेट फोंडा घाटाच्या रस्त्यावर होती. तिथं एका मावशींचं पत्र्याचं हॉटेल आहे, सकाळी वडे आणि दुपारी भाकरी. ठरल्या दिवशी सकाळीच जाऊन बसलो. दुपार झाली. ट्रक थांबत होते, जात होते. मी चहावर चहा घेत होतो आणि समोरच्या रानातल्या वाटेकडं बघत होतो. मावशींनी विचारलं, "पावणं, कुणाची वाट बघताय?" मी सांगितलं. त्यांनी वाटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "येतील की. पायांचं काम हाय, गाडीचं न्हाय." धीर द्यायलाच म्हणाल्या, पण त्या वाक्यानं मला उलट घाबरायला झालं. गाडी बंद पडली तर ढकलता येते. फोन लागत नव्हता. गव्यांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. शेजारी ठेवलेल्या पिशवीत मीठ, चिंच, लाडू सगळं जागच्या जागी होतं, आणि ज्यांच्यासाठी आणलं त्या कुठं आहेत ते मला ठाऊक नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा दुधाची किटली घेऊन एक माणूस वाटेवरून उतरला. त्यानं हॉटेलात डोकावून विचारलं, "कोल्हापूरचं पावणं कोण?"

मी उठलो.

"तुमच्या घरातल्या दोघी आमच्या वाडीवर हायत. एकीचा पाय मुरगळलाय. घाबरू नगा. दूध घालून येतो, मग चला संगट."

त्याचं नाव दत्तू. डेअरीत दूध घालून तो परत आला, रिकामी किटली एका हातात घेतली आणि चालू लागला. मी पिशवी खांद्यावर टाकून त्याच्या मागं निघालो. पहिल्या चढावरच कळलं, मी किती आणलंय ते. लोणच्याची बरणी पाठीत रुतत होती. काच आणायची नाही हे बावड्याला शिकलो होतो आणि तरी लोणचं बरणीतच आणलं होतं. दत्तू वळून बघायचा आणि थांबायचा. एकदा म्हणाला, "द्या हिकडं." मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. आपण भरलेलं ओझं एकदा तरी आपणच वाहून बघावं असं वाटलं असेल.

वाडी म्हणजे पाच-सहा घरं, उतारावर विखुरलेली. दत्तूच्या भावाच्या घरापुढं अंगणात सुमन बसली होती, मांडीवर एक लहान पोर. मला बघून ती उठली नाही, पोर झोपलं होतं. नुसती हसली. आत नसीम भिंतीला टेकून बसली होती. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, त्यावर हळद लावलेली.

"वाळलेल्या गवतावरून घसरले," ती म्हणाली. "पाऊस असता तर जपून चालले असते. उन्हात कोण जपतंय?"

घरात दत्तूची वहिनी होती, रुक्मिणी. वय पंचविशीच्या आतबाहेर. तिचा नवरा इचलकरंजीला मागावर कामाला, पाळीनं रात्र-दिवस. सुट्टी जुळली की येतो, आणि येताना तेल, मीठ, चहा, साबण, जे काय लागतं ते रस्त्यापासून डोक्यावर घेऊन येतो. तोपर्यंत घरात असेल त्यात भागवायचं. दोघी इथं आदल्या दिवशीच पोचल्या होत्या आणि त्यांचं खाणं तेव्हाच संपलं होतं. रुक्मिणीनं त्यांना काही विचारलं नव्हतं. नाचणीची भाकरी, वरण आणि ताक, दोन वेळ वाढलं होतं.

मी तिथं चुलीपाशी बसलो आणि माझी पिशवी माझ्याच डोळ्यांना वेगळी दिसायला लागली. दुकानात काट्यावर तोलताना मला वाटत होतं की हा एक नवा, गमतीचा प्रश्न मला सापडलाय. पण या घरात तोच प्रश्न रोज सुटत होता. पावसाळ्यात वाट बंद व्हायच्या आधी मीठ किती भरून ठेवायचं, काडीपेटी ओल लागू नये म्हणून कशात गुंडाळायची, चहा संपत आला की किती पातळ करायचा. ज्याला सुमन आणि मी नकाशावर बोट ठेवून खेप म्हणत होतो, त्याला इथं वेगळं नावच नव्हतं.

सुमननं पिशवी रुक्मिणीपुढं सरकवली. "यातलं लागंल ते घे."

रुक्मिणी संकोचली नाही. एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मीठ घेतलं. चहाची पूड घेतली. आवळा सुपारी उघडून एक तोंडात टाकली, डोळा बारीक केला आणि पुडी परत ठेवली. लाडवांतले दोन पोरासाठी घेतले, बाकी परत दिले.

"घे की आणखी," मी म्हणालो.

"चालायचं तुमाला हाय," ती म्हणाली. मग तिनं सुमनकडं बघितलं. "एक इचारू का वो ताई? आमाला जावं लागतंय म्हणून आमी चालतो. तुमी कशापायी?"

सुमननं पिशवीचं तोंड बांधलं. "बघायला," ती म्हणाली.

"काय?"

"ते बघितल्यावर कळतंय."

रुक्मिणी हसली. ते उत्तर तिला पटलं की नाही ते सांगता यायचं नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या रात्री आम्ही चिंचेचं सार केलं. नसीमनं तीन वेळा घेतलं. डोळे मिटून प्यायची आणि वाटी पुढं करायची. आंबट-खारट काहीतरी हवं होतं ते कुणाला, हे मला तेव्हा कळलं; फोन एकीनं केला होता आणि भूक दुसरीची सांगितली होती.

सकाळी नसीमला खाली न्यायचं होतं. मी काळजीत होतो, वाडीतल्या लोकांना मात्र काळजी नव्हती. एक लांब वेळू आला, रुक्मिणीनं आतून वाकळ आणली, दोन टोकं वेळूला बांधली आणि झोळी तयार झाली. "पावसाळ्यात बाळंतीण पण अशीच न्हेतो आमी," दत्तू म्हणाला. जसं आपण रिक्षाबद्दल बोलतो तसं बोलला. चौघांनी आळीपाळीनं खांदा दिला. माझा खांदा लागला तेव्हा झोळीतून आवाज आला, "दादा, हळू. आणि तोंडावरची वाकळ काढा जरा, जिती हाय मी." सगळे हसले आणि चालताना हसल्यामुळं झोळी हलली, तशी ती पुन्हा ओरडली.

आदल्या दिवशी दत्तूबरोबर निघण्याआधी मी रस्त्यावरून फोन केला होता, त्यामुळं मावशींच्या हॉटेलापर्यंत नसीमचा भाऊ रिक्षा घेऊन आला होता. तो कोल्हापुरात रिक्षा चालवतो. पाय बघून म्हणाला, "प्लास्टर घालावं लागणार, बहुतेक." नसीम मागच्या सीटवर पाय लांब करून बसली. सुमन रिक्षाच्या दांडीला धरून उभी होती. अर्धी वाट झाली होती आणि अर्धी राहिली होती, आणि ती एकटीनं करण्यासारखी नव्हती.

"वैनी, तुम्ही पुढं जावा," नसीम म्हणाली.

"एकटी?"

"दादा हायत की." तिनं आपली पाठीवरची पिशवी ओढून माझ्या हातात दिली. "ह्याचा पट्टा सैल करा, माझ्या मापाचा हाय. आणि पाटगावला मी येते खाणं घेऊन."

"प्लास्टरचा पाय घेऊन?" मी विचारलं.

"पायानं कुठं शिजवायचंय?"

मी सुमनकडं बघितलं. तिनं 'चला' म्हटलं नाही, 'नको' पण म्हटलं नाही. ती वाट बघत होती, एवढं मला दिसलं. मोटरसायकल मावशींच्या हॉटेलामागं लावली. वनखात्याच्या परवानगीत दोघी बायकांची नावं होती, तिथं नसीमच्या जागी माझं नाव घालून घेण्यात अर्धा दिवस गेला. मग मी, आयुष्यात पन्हाळ्याच्या पुढं पायी न गेलेला माणूस, बायकोच्या मागून रानात शिरलो.

पहिले दोन दिवस मी काय बघितलं विचाराल, तर सुमनच्या टाचा. ती पुढं, मी मागं. अभयारण्याच्या पट्ट्यात वाटाड्या सोबत होता, त्याच्या मागं ती, आणि सगळ्यात मागं धापा टाकत मी. आणि भूक. भूक म्हणजे दुपारी एक वाजता येणारी आणि जेवलं की जाणारी गोष्ट, असा माझा समज होता. इथं ती माझ्याबरोबर चालत होती. जेवल्यावर पण ती जात नव्हती, नुसती जरा मागं पडायची. मी गूळ चघळत भाकरीचा विचार करायचो आणि भाकरी खाताना रश्श्याचा. सुमन पुढून न वळता सांगायची, "एका वेळी एकच घास. एक लाडू चार जागी खायचा." मी काट्यावर तोललेले लाडू मी स्वतःच खात होतो आणि ते कमी पडत होते. दुकानात बसून दोघींचा हिशेब केला होता तो चुकीचा नव्हता, पण त्यात हे नव्हतं की संध्याकाळी शेवटचा लाडू समोर असताना माणसाला तो दुसऱ्याला द्यावासा वाटतो आणि वाटतही नाही. सुमननं तो अर्धा केला. मोठा अर्धा कुणाचा, हे आम्ही दोघांनीही बघितलं आणि दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं.

पाटगावच्या आधीच्या दिवशी सकाळी ते झाड दिसलं. आधी दिसलं नाही, ऐकू आलं. कुणीतरी भट्टीचा भाता मारतंय असा आवाज, वरून. वाटाड्या थांबला, त्यानं ओठावर बोट ठेवलं. वाट एका कड्याच्या टोकाला वळत होती, आणि टोकावर फळांनी लगडलेलं एक जंगी झाड होतं. त्याच्यावर धनेश होते. एक नाही, दोन नाहीत, येत होते आणि जात होते, ती लांबलचक पिवळी चोच, आणि पंख हलले की भात्याचा आवाज. चोचीच्या टोकानं फळ धरायचं, डोकं मागं टाकायचं, फळ हवेत जायचं आणि घशात पडायचं. खाली दरी, दरीत कोकणातलं धुकं. आम्ही तिथं किती वेळ बसलो ठाऊक नाही. सुमनचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मला भूक लागलेली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

पाटगावच्या तळ्याकाठच्या रस्त्यावर नसीम रिक्षात बसली होती, प्लास्टरचा पाय पुढच्या सीटच्या बाजूनं बाहेर काढून. आम्ही दिसल्यावर तिनं भावाला हाक मारली आणि त्यानं मागून एक मोठा थर्मास काढला. त्यात मटणाचा पांढरा रस्सा होता, वाफ निघत होती. "मीठ हात सोडून घातलंय," ती म्हणाली.

सुमननं वाटी हातात घेतली. "आज वार कुठला?"

"रानात कुठला वार, वैनी?"

सुमन प्याली. मी प्यालो. त्या रश्श्याबद्दल मी जास्त काही लिहिणार नाही, लिहून ते येणार नाही. रस्सा झाल्यावर नसीमनं पुढच्या वाटेचं खाणं काढलं. ब्लाउजच्या उरलेल्या कापडांच्या छोट्या पिशव्या शिवल्या होत्या, तोंडाला नाडी, प्रत्येक दिवसाची वेगळ्या रंगाची. काच नाही, खोका नाही, कागद नाही. निळीत एका दिवसाचं सगळं, लालमध्ये दुसऱ्या दिवसाचं. प्रत्येकीत मिठाची पुडी, चिंचेची गोळी आणि दोन लाडू जास्तीचे. मी एक पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिलो. काही फेकायला नव्हतं, काही परत न्यायला नव्हतं.

"कसं कळलं तुला एवढं?" मी विचारलं.

"मी चाललेय तेवढं की," ती म्हणाली.

मग मला वाटलं, हिला आता सांगावं. तिची वाट मी चाललो होतो, तिची पिशवी घेऊन. मी म्हणालो, "नसीम, तिकडं कड्यावर एक..."

"दादा." तिनं हात वर केला. "सांगू नका."

मी हातातल्या पिशवीची नाडी ओढली.

"काय हाय ते सांगू नका. मी जाणार हाय तिथं. माझ्या डोळ्यांनी बघणार. तुम्ही सांगितलंसा तर मी तुमचंच बघीन." तिनं थर्मासचं झाकण लावलं. "खावा आता."

भाऊ रिक्षाला टेकून तळ्याकडं बघत होता. सुमननं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि ते झाड आम्ही दोघांनी तोंडातल्या घासाबरोबर गिळलं.

आंबोलीपर्यंत आम्ही पोचलो. रांगण्याच्या चढात मी एकदा बसलो आणि उठणार नाही म्हणालो, आणि थोड्या वेळानं उठलो. ते सगळं सांगण्यासारखं आहे, पण जिला सांगायचं ती ऐकत नाही, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. वर्षभर नसीम आमच्याकडं आली, चहा प्याली, पायाचा व्यायाम केला, मग रंकाळा, मग पन्हाळा. बोलता बोलता मी कधी त्या बाजूला वळलो की ती फक्त हात वर करायची. घरात एक गोष्ट आहे आणि ती कुणी उघडत नाही, अशी चव त्या वर्षाला होती. वाईट नव्हती ती चव. सुमन आणि मी कधी कधी जेवताना गप्प व्हायचो आणि मला कळायचं की दोघंही त्याच झाडाखाली बसलोय.

एक खटकायचं मात्र. धनेश काही आमच्यासाठी तिथं बसलेले नव्हते. झाडाला फळं होती म्हणून आले होते. नसीम जाईल तेव्हा झाड रिकामं असलं तर? वाट तीच, कडा तोच, आणि वर काहीच नाही. एकदा मी हे सुमनला बोलून दाखवलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "मग तिला दुसरं कायतरी दिसंल."

यंदा ट्रॉल्या जरा लवकर सुरू झाल्या. आज सकाळी मी दोघींना फोंडा घाटाच्या त्या रस्त्यावर सोडलं. नसीमच्या भावाची रिक्षा होती. मावशींनी वडे बांधून दिले. रुक्मिणीची वाडी मागच्या अंगाला राहते, तिच्याकडं जायची वाट यंदा नव्हती, म्हणून मीठ आणि चहाची पूड दत्तूच्या किटलीबरोबर वर पाठवली. नसीमनं पाठीवरची पिशवी घेतली, पट्टा आपल्या मापाला ओढला. दोन-चार पावलं जागच्या जागी टाकून बघितली, जुना घोटा तपासला.

मग ती रानाच्या तोंडापाशी थांबली. वर्षभर जे विचारलं नव्हतं ते ओठावर आलं होतं, मला दिसत होतं. वळून म्हणाली, "दादा, एवढंच सांगा. सुरुवातीला चढ हाय का उतार?"

मी तोंड उघडलं. सुमन तिच्या पुढं जाऊन वाटेला लागलीसुद्धा होती. तिनं मान न वळवता उत्तर दिलं.

"बघ की जाऊन."